मेजरसाहेबांची तलवार आणि दोन-दोन मालक: वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात आपल्या तलवारबाज भवानीदेवीवर एका वाचकाचा प्रश्न होता, त्याच्या उत्तरात मी जाता जाता एक ओळ टाकली होती की तलवारबाजीतल्या सेबर या प्रकारातला एक जबरदस्त खेळाडू पोलंडच्या आर्मीत मेजर होता आणि हेरगिरीसाठी जेलमध्ये गेला. झालं, त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की भवानीदेवी बाजूलाच राहिली. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत आणि हा सगळा अंक त्या मेजरचा, म्हणजे येझी पाव्लोव्स्कीचा.

ताई, हा माणूस खरंच एवढा मोठा चॅम्पियन होता का? आम्ही तर नावही ऐकलं नव्हतं. (नाशिक)

हो, होता. आणि नाव ऐकलं नाही यात तुमची काही चूक नाही, आपल्याकडे तलवारबाजी म्हटलं की अजून लोकांना मर्दानी खेळच आठवतो, आणि खुद्द त्याच्या देशानेच मधली काही वर्षं त्याचं नाव घेणं बंद केलं होतं, ते पुढे येईलच.

जन्म 1932, वॉर्सा. म्हणजे जर्मन फौजा शहरात घुसल्या तेव्हा पोरगा सात वर्षांचाही नव्हता, आणि शहराचा पार चुराडा झाला तेव्हा बाराच्या आसपास. युद्ध संपलं, नवं कम्युनिस्ट सरकार आलं आणि त्यांनी खेळावर पैसा ओतायला सुरुवात केली. सेबरसाठी हंगेरीहून यानोश केवे नावाचा कोच आणला. हे म्हणजे थेट खाणीतूनच सोनं आणण्यासारखं, कारण सेबरमध्ये तेव्हा हंगेरीशिवाय दुसरं कोणी नव्हतंच म्हटलं तरी चालेल. 1924 पासून 1964 पर्यंत ऑलिम्पिकमधलं सेबरचं वैयक्तिक गोल्ड प्रत्येक वेळी हंगेरीच्याच माणसाने नेलंय. सलग नऊ वेळा! केवेने या पोलिश पोरांना बचाव करत बसायचं सोडून अंगावर चालून जायला शिकवलं.

पाव्लोव्स्की पहिलं ऑलिम्पिक खेळला 1952 ला हेलसिंकीत, एकोणीस वर्षांचा असताना, आणि शेवटचं 1972 ला म्युनिकमध्ये. सहा ऑलिम्पिक. 1956 ला मेलबर्नमध्ये वैयक्तिक सिल्व्हर, गोल्ड अर्थातच हंगेरीच्या कार्पातीचं, टीमचंही सिल्व्हर. 1960 ला रोममध्ये परत टीम सिल्व्हर, 1964 टोकियो टीम ब्राँझ. दरम्यान 1957 ला पॅरिसमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला, मग 1965 आणि 1966 ला परत. टीमची वर्ल्ड टायटल चार, 1959, 61, 62 आणि 63, त्यातलं 1959 चं तर बुडापेस्टमध्ये, म्हणजे हंगेरीच्या घरात जाऊन हंगेरीचं राज्य खालसा. मला विचाराल तर ऑलिम्पिक गोल्डपेक्षा मला हेच जास्त आवडतं.

आणि मग 1968, मेक्सिको. वय पस्तीस, छत्तीसला आठ-नऊ दिवस बाकी. फायनलच्या गटात तो आणि सोव्हिएत युनियनचा मार्क राकिता बरोबरीत आले. आता त्या काळी सेबरचा एक सामना पाच टचचा (टच म्हणजे तलवार लागल्यावर मिळणारा पॉइंट) असायचा, आत्तासारखा बाद फेरीत पंधराचा नाही. त्यामुळे गोल्ड कोणाचं हे ठरवायला दोघांची परत एक झुंज, तीही पाचचीच. चार-चार झाले. पुढचा टच पाव्लोव्स्कीचा. हंगेरीची ती 1924 पासूनची रांग तिथे तुटली, हंगेरीचा तिबोर पेझा ब्राँझवर.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्या 5-4 ची खरी किंमत कळायची नाही. आज सेबरमध्ये टच लागला की दिवा लागतो. तलवारबाजीच्या बाकीच्या दोन प्रकारांपैकी इपीला ही दिव्याची वायर 1936 पासून, फॉइलला 1956 पासून, पण सेबरला ऑलिम्पिकमध्ये ती आली थेट 1992 ला बार्सिलोनात. म्हणजे पाव्लोव्स्कीच्या सगळ्या करिअरमध्ये टच झाला की नाही हे माणसं डोळ्यांनी बघून ठरवत होती, मध्ये एक प्रेसिडेंट आणि बाजूला चार जज. ही माणसं कुठल्या ना कुठल्या देशाची असणार, आणि काळ शीतयुद्धाचा. वर पुन्हा सेबरमध्ये दोघांचे टच एकदम लागले तर आधी हल्ला कोणाचा होता हे बघून पॉइंट देतात, हे तर आजही भांडणाचं मूळ आहे. तर अशा खेळात वीस वर्षं वर राहायचं म्हणजे नुसता मनगटाचा वेग पुरत नाही, समोरच्याला मारताना बाजूच्या चार जणांना पटेल असं मारावं लागतं. दिसेल असं वागायचं आणि मनातलं दिसू द्यायचं नाही. आता पुढचं माहीत असल्यामुळे मला हे फार सूचक वगैरे वाटतं, पण ते सोडा, बाकीचे सेबरवाले काही हेर झाले नाहीत.

मेजर होता तर ड्युटी कधी करायचा? का आपलं नावापुरतं? (कोल्हापूर)

प्रश्न खोचक आहे आणि बरोबर आहे. तेव्हा ऑलिम्पिकमध्ये प्रोफेशनल खेळाडूला बंदी होती, खेळून पैसे घेतले की बाद. मग कम्युनिस्ट देशांनी साधा मार्ग काढला, खेळाडूला आर्मीत किंवा पोलीस खात्यात नोकरी द्यायची, पगार गणवेशाचा आणि काम सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिसचं. कागदोपत्री तो हौशी. मॉस्कोचं सीएसकेए, प्रागचं दुक्ला, बुडापेस्टचं होनवेद, बुखारेस्टचं स्टेआउआ, ही सगळी आर्मीची क्लबं. फुटबॉलवाल्या वाचकांना पुश्काश माहीत असेल, तोही मेजरच म्हणवला जायचा. वॉर्सात आर्मीचा क्लब म्हणजे लेगिया, आणि पाव्लोव्स्की लेगियाचा. मधे त्याने वॉर्सा युनिव्हर्सिटीत कायद्याचं शिक्षणही घेतलं.

आता आपल्या मेजर ध्यानचंदांशी तुलना काहींनी पत्रात केलीये. ती अर्धीच लागू पडते. ध्यानचंद 1922 ला साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि 1956 ला मेजर म्हणून रिटायर झाले, हॉकी त्यांची नोकरीतून वर आली. पाव्लोव्स्कीच्या बाबतीत उलटं, तलवार आधी आणि खांद्यावरचे स्टार तिच्यामागून.

पण नावापुरतं होतं असंही नाही हं. पोलंडमध्ये तेव्हा साध्या माणसाला पश्चिमेकडे जायचा पासपोर्ट म्हणजे स्वप्न, ऑफिसरला तर अजूनच कठीण कारण त्याच्याकडे माहिती असणार. आणि हा ऑफिसर वर्षातून कितीदा तरी पॅरिस, रोम, ब्युनोस आयर्स करत फिरतोय, परत येतोय, मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या पार्ट्यांना बसतोय. अशी माणसं किती असतील त्या देशात? हाताच्या बोटावर. दोन्हीकडच्या गुप्तहेर खात्यांना हे दिसत नसेल असं वाटतं का तुम्हाला?

नक्की कोणासाठी हेरगिरी केली, अमेरिकेसाठी की पोलंडसाठी? इंटरनेटवर दोन्ही लिहिलंय. (ठाणे)

दोन्ही खरं आहे, म्हणून तर दोन्ही लिहिलंय!

1950 च्या दशकापासून तो पोलंडच्याच गुप्त खात्याला माहिती देत होता. बाहेर जाणाऱ्या टीमबरोबर कोण कोणाशी बोलतं, कोणाचं परत यायचं मन नाही, हे सांगणारा कोणीतरी टीममध्येच लागायचा, ही त्या काळची सगळीकडची पद्धत. आणि त्यांची भीती खोटीही नव्हती. 1956 चंच बघा, नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टचा उठाव चिरडला आणि त्याच महिन्यात मेलबर्नला ऑलिम्पिक सुरू झालं. सेबर टीमच्या फायनलनंतर पोलंड दुसऱ्या पायरीवर, हंगेरी पहिल्या, आणि त्या पहिल्या पायरीवरचे हामोरी आणि मगाय गोल्ड घेऊन मायदेशी परत गेलेच नाहीत, अमेरिकेला निघून गेले. पाव्लोव्स्की हे सगळं एक पायरी खालून बघत होता, तेव्हा चोवीस वर्षांचा. तो परत गेला. नेहमीच परत गेला.

1964 पासून मात्र तो अमेरिकेच्या सीआयएसाठीही काम करायला लागला. आता वरच्या तारखा पुन्हा काढा आणि शेजारी ठेवा. 1965 चं वर्ल्ड टायटल, 1966 चं वर्ल्ड टायटल, 1968 चं ऑलिम्पिक गोल्ड, ही तिन्ही वैयक्तिक जेतेपदं त्यानंतरची आहेत. आणि 1966 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप कुठे होती? मॉस्कोत! अमेरिकेचा माणूस, पोलिश आर्मीचा ऑफिसर, मॉस्कोत सोव्हिएत खेळाडूंसमोर जिंकतोय आणि सगळं सभागृह उभं राहून त्याच्या देशाचं राष्ट्रगीत ऐकतंय. त्याचे हातपाय कसे थरथरले नसतील याचं मला खरंच आश्चर्य वाटतं, मला तर साधं ट्रॅफिक पोलिसाने थांबवलं तरी लायसन सापडत नाही.

1975 च्या एप्रिलमध्ये त्याला अटक झाली. 1976 च्या एप्रिलमध्ये वॉर्साच्या लष्करी कोर्टाने निकाल दिला: पंचवीस वर्षं तुरुंग, दहा वर्षं नागरी हक्क बंद, सगळी मालमत्ता जप्त. सरकारी घोषणेत म्हटलं होतं की 1964 पासून एका नाटो देशासाठी हेरगिरी केली. कुठला देश हे सांगितलं नाही. मेजरपद गेलं, आणि सरकारी क्रीडा इतिहासातून नावही गेलं. म्हणजे 1968 ला पोलंडला सेबरचं गोल्ड मिळालं, पण कोणाला मिळालं ते विचारू नका असा प्रकार. गंमत अशी की हे फक्त देशाच्या आतच चाललं. ऑलिम्पिक कमिटीने मेडल काढून घेतलं नाही, त्यांच्या यादीत तो कायम होता आणि आहे, कारण खेळात त्याने काही लबाडी केलेली नव्हती.

जनरल पॅटनसुद्धा तलवारबाज होता ना? त्याच्याबद्दल लिहा की. (सातारा)

होता, पण चॅम्पियन नाही म्हणता येणार. 1912 ला स्टॉकहोमला मॉडर्न पेंटॅथलॉन पहिल्यांदा आलं, म्हणजे नेमबाजी, पोहणं, तलवारबाजी, घोडा आणि धावणं, थोडक्यात शत्रूच्या मुलुखात अडकलेल्या घोडदळाच्या ऑफिसरला जे जे जमायला हवं ते सगळं. लेफ्टनंट पॅटन त्यात पाचवा आला. नंतर फ्रान्समध्ये सोमूरला जाऊन तलवारीचे धडे घेतले, अमेरिकन घोडदळासाठी 1913 ची सरळ पात्याची तलवार डिझाइन केली आणि फोर्ट रायलीला मास्टर ऑफ द स्वोर्ड असं झकास पद मिळवलं. ती तलवार युद्धात फारशी चाललीच नाही, तोवर मशीनगन आली होती, आणि पुढे त्याने नाव कमावलं ते रणगाड्यात बसून. त्याच्यावर वेगळा प्रश्न पाठवा.

ताई, राग मानू नका, पण देशद्रोही माणसाचं एवढं कौतुक कशासाठी? आपल्याकडे कोणी असं केलं असतं तर तुम्ही असंच लिहिलं असतं का? (डोंबिवली)

राग नाही हो, उलट हा प्रश्न यायलाच हवा होता.

आधी एक दुसरा माणूस सांगते. कर्नल रिशार्द कुक्लिन्स्की, तोही पोलिश आर्मीचा, तोही सीआयएचा. खूप वरच्या जागेवर होता, वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत गोटातल्या देशांच्या लष्करी आघाडीच्या, युद्धयोजना त्याने अमेरिकेला दिल्या, 1981 ला बायकामुलांसकट निसटला, 1984 ला त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड सुनावला गेला. मग कम्युनिस्ट राजवट गेली, शिक्षा रद्द झाली, आणि 2016 मध्ये त्याला मरणोत्तर जनरल केलं. पोलंडमध्ये त्याच्यावरून आजही घराघरात भांडणं होतात, पण निदान बाजू घेणारे लोक आहेत. त्यांचं म्हणणं, तो देशाविरुद्ध नव्हता, देशावर बसलेल्या मॉस्कोविरुद्ध होता.

पाव्लोव्स्कीच्या बाबतीत हे म्हणणं तोंडातच अडकतं. कारण तो आधी आपल्याच लोकांची माहिती आपल्याच सरकारला पुरवत होता. ज्यांच्याबरोबर एका पीस्टवर, म्हणजे तलवारबाजीच्या पट्टीवर, घाम गाळला, एका हॉटेलच्या खोलीत राहिलो, त्यांच्यावर नजर ठेवायची, हे माझ्या लेखी सीआयएच्या कामापेक्षा जास्त वाईट आहे. परक्या सत्तेला लष्करी गुपित विकलं तर त्यावर कोर्ट तरी बसतं. मित्राबद्दल रिपोर्ट लिहिला तर त्या मित्राचा पासपोर्ट एक दिवस गुपचूप नाकारला जातो आणि त्याला कारणही कळत नाही. म्हणून मी त्याला हुतात्मा वगैरे म्हणणार नाही. आणि राक्षस पण म्हणणार नाही, कारण तो ज्या व्यवस्थेत वाढला तिने गणवेश, तलवार आणि पासपोर्ट या तीन गोष्टी एकाच हाताने दिल्या होत्या आणि बदल्यात चौथी मागितली होती, ती म्हणजे कान. नाही म्हणायची सोय होती का? काही जणांनी म्हटलं. एमिल झाटोपेकच घ्या. 1952 ला एकाच ऑलिम्पिकमध्ये पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन मारणारा झेक धावपटू, आर्मीत कर्नल झालेला. 1968 ला सोव्हिएत फौजा प्रागमध्ये घुसल्या तेव्हा तो उघडपणे विरोधात बोलला आणि आर्मीतून, पक्षातून बाहेर फेकला गेला, काही वर्षं जमिनीत ड्रिलिंग करणाऱ्या टोळीबरोबर राबत होता. त्याच वर्षी, त्याच आक्रमणात पोलंडच्या फौजाही सामील होत्या, आणि दोनच महिन्यांनी पोलिश मेजर पाव्लोव्स्की मेक्सिकोत सोव्हिएत खेळाडूला हरवून गोल्ड घेत होता. लोक बाहेरून बघून म्हणाले असतील, वा, बदला घेतला! बाहेरून बघून काहीच कळत नाही.

आणि आपल्याकडे कोणी केलं असतं तर? खेळाचं लिहिताना खेळाचंच लिहिलं असतं, 5-4 ला 5-4 च म्हटलं असतं. बाकीचं पण लपवलं नसतं. यादीतून नाव खोडायला मात्र माझा विरोधच असता, कारण मग राकिता कोणाकडून हरला याचं उत्तर काय देणार?

जेलमधून सुटला का? शेवट काय झाला? मी इथे बर्लिनला असते, तो हेरांचा पूल बघितलाय, तिथून गेला का तो? (बर्लिन, मूळ गाव रत्नागिरी)

वा, पत्र वाचून बरं वाटलं. ग्लिनिके पूल, बरोबर. 11 जून 1985 ला तिथे पकडलेल्या हेरांची मोठी अदलाबदल झाली, अमेरिकेकडून चार जण पूर्वेला आणि पूर्वेकडून तेवीस जण पश्चिमेला. पाव्लोव्स्कीचंही नाव अदलाबदलीत होतं. म्हणजे दहा वर्षं जेलमध्ये काढल्यावर समोर अमेरिका, नवं आयुष्य, कदाचित पेन्शन, आणि हा म्हणतो मी पोलंडमध्येच राहणार! गेला नाही. वॉर्सातच राहिला, चित्रं काढायची आणि हात ठेवून लोकांना बरं करायचं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत वैदूगिरीपेक्षा जरा अध्यात्माकडे झुकणारं काहीतरी, असं करत राहिला. 2005 च्या जानेवारीत गेला, बहात्तर वर्षांचा होता.

का नाही गेला हे मला अनेकांनी विचारलंय. लोकांना वाटतं यात काहीतरी कारस्थान असणार. मला तसं वाटत नाही. बावन्न वर्षांचा माणूस, भाषा आपली, शहर आपलं, वीस वर्षं जगभर फिरून दरवेळी परत आलेला. पश्चिम काय असते ते त्याने पोटभर पाहिलं होतं, त्याला तिचं अप्रूप उरलं नसेल. त्याच्या पुढच्या दिवसांत सहकाऱ्यांना त्याच्याशी कसं बोलावं हा प्रश्न पडला असणार, हे मात्र नक्की. त्याच्या टीममधला झाब्वोत्स्की नंतर नावाजलेला आर्किटेक्ट झाला, स्टेडियम वगैरे बांधली. एकाच टीमचे दोघे, आणि आयुष्यं बघा.

माझा मुलगा बारा वर्षांचा, सेबर खेळतो, राज्य पातळीपर्यंत गेलाय. आर्मीतून खेळायचं म्हणतोय. तुमचा लेख वाचून मी घाबरलेय! (छत्रपती संभाजीनगर)

अहो घाबरता काय, आपल्याकडे आर्मीचं स्पोर्ट्स हे सरळ आणि चांगलं काम आहे, त्याचा या पोलिश भानगडीशी काही संबंध नाही. राज्यवर्धन राठोड आर्मी ऑफिसर असतानाच 2004 ला अथेन्सहून सिल्व्हर घेऊन आले. नीरज चोप्रा नायब सुभेदार म्हणून भरती झाला. पुण्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, 2001 पासून, तिथे फेन्सिंग आहे, आणि लहान मुलांसाठी बॉईज स्पोर्ट्स कंपनी असते, राहणं, शाळा, ट्रेनिंग सगळं तिथेच, पुढे वयात आल्यावर भरती. मोठेपणी मेडल असतील तर स्पोर्ट्स कोट्यातून थेट हवालदार किंवा नायब सुभेदार म्हणूनही घेतात. वयाच्या अटी आणि कुठली सर्टिफिकेट धरतात हे दरवेळच्या जाहिरातीत बघा, कोणी एजंट भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे तेही लक्षात ठेवा, म्हणून प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट आत्तापासून फाइलला लावा.

एकच सांगते, बारा वर्षाच्या पोराला वसतिगृहात पाठवायचं की दहावीपर्यंत घरीच ठेवायचं हे मेडल बघून ठरवू नका, पोर बघून ठरवा, आणि आधी एकदा त्याला घेऊन पुण्याला जाऊन या. आणि त्याचा मास्क नीट बसतोय ना ते बघा, या वयात डोकं भराभर वाढतं, गेल्या वर्षीचा घट्ट होतो आणि मुलं सांगत नाहीत.